कुलीन मोटारीची सनद

मोटारींच्या व्यापारात एक वाद असा आहे की तो गेल्या शंभर वर्षांत मिटला नाही, आणि दर पिढीला एखाद्या नव्या गाडीच्या निमित्ताने दप्तरातून पुन्हा बाहेर काढला गेला. ज्या कारखानदाराने आजवर शिक्षकांना, कारकुनांना, लहान दुकानदारांना परवडतील अशा काटकसरी आणि कामसू गाड्या विकून आपला लौकिक मिळविला, त्याने एके दिवशी मंत्र्यांच्या, राजदूतांच्या आणि पेढ्यांच्या संचालकांच्या दारात शोभेल अशी ऐश्वर्यसंपन्न सेडान घडविली, तर ती त्या पंक्तीला बसण्यास खरोखर पात्र ठरते काय, हा तो वाद होय. वरवर पाहता याचा निर्णय मापांनी व्हावयास हवा. कारण इंजिनाची शक्ती, आसनांचे कातडे, भर वेगात असताना आत ऐकू येणारा आवाज, दार मिटतानाचा नाद, हे सारे मोजता येते, तोलता येते, दोन गाड्या शेजारी उभ्या करून ताडून पाहता येते. परंतु इतिहास चाळू लागले म्हणजे ध्यानात येते की मापात पुरेपूर उतरलेल्या काही गाड्या पंक्तीबाहेरच राहिल्या, आणि ज्यांना आत जागा मिळाली त्यांच्या प्रवेशाला मापांखेरीज आणखी काही कारणे होती. या इतिहासातील सर्वांत उद्बोधक, आणि मला तरी सर्वांत करुण वाटणारे प्रकरण म्हणजे जर्मनीतील फोक्सवॅगन कंपनीने २००२ साली जगापुढे मांडलेली फेटन ही गाडी. मात्र तिच्याकडे वळण्यापूर्वी मागची थोडी वंशावळ पाहणे अवश्य आहे.

आरंभी हा प्रश्न उद्भवलाच नव्हता, कारण आरंभीची प्रत्येक मोटार ही श्रीमंताचीच वस्तू होती. हेन्री फोर्डने १९०८ साली मॉडेल टी काढून मोटार शेतकऱ्याच्या अंगणात नेऊन उभी केली, तेव्हा मोटारींच्या मुलखात प्रथमच रयत आणि सरदार असे दोन वर्ग पडले. आणि पुढे त्याच फोर्डला सरदारांच्या वर्गात जागा हवीशी वाटली, तेव्हा त्याने स्वतःच्या नावाची भारी गाडी काढण्याऐवजी दिवाळे निघालेली लिंकन कंपनी १९२२ साली ८० लक्ष डॉलरांना खरेदी केली. तिचा संस्थापक हेन्री लेलँड याने पूर्वी कॅडिलॅकचीही उभारणी केली होती, त्यामुळे यंत्रसामग्रीबरोबर फोर्डच्या हाती एका मानाच्या परंपरेची सनदही आली. जनरल मोटर्सचा सूत्रधार आल्फ्रेड स्लोन याने त्याच दशकात ही विभागणी अधिक पद्धतशीर करून टाकली: तळाशी शेव्हरोले, शिखरावर कॅडिलॅक, मध्ये पॉन्टियॅक, ओल्ड्समोबिल आणि ब्यूक, अशा रीतीने की गिऱ्हाइकाची मिळकत वाढत जाईल तसतसे त्याने एका दुकानातून दुसऱ्या दुकानात वर चढत जावे. त्या काळापासून या व्यापारात एक अलिखित दंडक होऊन बसला की ज्याला वर जावयाचे असेल त्याने आपले नाव खाली ठेवून जावे.

हा दंडक मोडू पाहणाऱ्यांत इटलीच्या फियाटचे उदाहरण आपल्याकडील वाचकास जवळचे वाटेल. जुन्या मुंबईकराच्या मनात फियाट म्हणजे कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्समध्ये बनलेली आणि काळ्यापिवळ्या रंगात दादरपासून कुलाब्यापर्यंत धावणारी टॅक्सी. त्या नावाची एखादी राजेशाही गाडीही असू शकेल, ही कल्पना त्याला सहसा शिवली नसती. तरीही १९६९ साली जिनिव्हाच्या प्रदर्शनात फियाटने १३० या क्रमांकाची मोठी सेडान मांडली होती, आणि तिचे सहा सिलिंडरांचे इंजिन पूर्वी फेरारीकडे काम केलेल्या ऑरेलिओ लॅम्प्रेदी या थोर अभियंत्याच्या हातचे होते. सात-आठ वर्षांत जेमतेम पंधरा हजारांच्या आसपास सेडान तयार झाल्या आणि ते प्रकरण मिटले. कारण युरोपात ज्याच्या थैलीत तेवढे द्रव्य होते, तो ते घेऊन फियाटच्या पेढीत जाण्याऐवजी मर्सिडीझच्या पेढीत जात होता.

जपानच्या टोयोटाने या दंडकाशी झुंज घेण्याऐवजी त्याचा अभ्यास केला. या कंपनीच्या गाठीला एक कटू अनुभव होता: १९५७ साली तिने आपली क्राउन ही गाडी अमेरिकेत नेली, तेथील विस्तीर्ण हमरस्त्यांवरच्या वेगात ती टिकेना, आणि काही वर्षांतच तिला त्या बाजारातून माघारी घ्यावे लागले. पुढे लहान, टिकाऊ आणि थोड्या पेट्रोलवर चालणाऱ्या गाड्यांच्या जोरावर जपानी कारखान्यांनी त्याच अमेरिकेत असे पाय रोवले की १९८१ साली वॉशिंग्टनच्या दडपणामुळे जपानला आपल्या मोटारींच्या निर्यातीवर वर्षाला १६ लक्ष ८० हजारांची मर्यादा स्वतःच घालून घ्यावी लागली. गाड्यांची संख्या वाढविता येत नाही असे ठरल्यावर प्रत्येक गाडीचे मोल वाढविणे एवढाच मार्ग उरला. म्हणजे जपानी ऐश्वर्यशाली मोटारीच्या जन्माला हौसेइतकाच हा निर्यात-मर्यादेच्या राजकारणाचा पेचही कारणीभूत होता. होंडाने १९८६ साली अ‍ॅक्युरा या वेगळ्या नावाने प्रथम पाऊल टाकले, आणि निस्सान व टोयोटा त्या मागोमाग १९८९ मध्ये उतरल्या.

टोयोटाची तयारी त्याहूनही आधी, १९८३ च्या ऑगस्टमध्ये सुरू झाली होती. त्या महिन्यातील एका गुप्त मसलतीत कंपनीचे प्रमुख एइजी तोयोदा यांनी आपल्या वरिष्ठ सहकाऱ्यांना विचारले की जगातील सर्वोत्तम गाड्यांना आव्हान देऊ शकेल अशी गाडी आपण करू शकतो काय. आणि त्या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी पुढील सहा वर्षांत सुमारे १,४०० अभियंते खपले, ४५० च्या आसपास नमुने बांधले व मोडले गेले, आणि अंदाजे १ अब्ज डॉलर खर्ची पडले. मुख्य अभियंता इचिरो सुझुकी याने परस्परविरुद्ध गुणांची एकत्र मागणी केली: गाडी ताशी २५० किलोमीटर जावी, पण तिने इंधन थोडे प्यावे, ती भक्कम असावी, पण हलकी असावी, ती वेगवान असावी, पण आत बसलेल्यांचे हलक्या आवाजातील संभाषणही बुडू नये. आराखडा काढणाऱ्यांपैकी काहींना कॅलिफोर्नियातील लगूना बीच येथे राहावयास धाडण्यात आले, ते धनिक अमेरिकन माणूस कसा राहतो, गाडीतून कसा उतरतो, तिच्याकडून काय अपेक्षितो, हे प्रत्यक्ष पाहण्यासाठी. १९८९ च्या जानेवारीत डेट्रॉइटला लेक्सस एल एस ४०० जाहीर झाली, आठ सिलिंडरांचे चार लिटरचे इंजिन आणि ३५ हजार डॉलरांची किंमत घेऊन, म्हणजे समकक्ष जर्मन गाडीपेक्षा पुष्कळच स्वस्त. तिच्यावर टोयोटाचे नाव कोठेही नव्हते. मायदेशी मात्र तीच गाडी सेल्सिओर म्हणून टोयोटाच्याच पेढ्यांवर विकली जात होती, आणि १९६७ पासून तेथे टोयोटाचीच सेंच्युरी ही गाडी उच्चपदस्थांच्या सेवेला होती. तेव्हा टोयोटाला नाव झाकावे लागले ते परदेशापुरते, मुख्यतः अमेरिकेत, जेथे त्या नावाला स्वस्ताईचा वास होता.

लेक्सस कसोटीला उतरली की नाही यावर त्या वेळी घनघोर वाद झाला. जर्मन पक्षाचे म्हणणे होते की ही मर्सिडीझची कुशल प्रतिकृती आहे, तिच्यात गुळगुळीतपणा आहे पण स्वभाव नाही, आणि इतिहासावाचून आलेली प्रतिष्ठा म्हणजे भाड्याने आणलेले दागिने. दुसऱ्या पक्षाने आवाजाचे, कंपनाचे आणि जोडकामाचे आकडे पुढे केले. हा वाद बहुधा मासिकांच्या पानांवर वर्षानुवर्षे रेंगाळला असता. त्याचा फडशा पाडला एका नामुष्कीच्या प्रसंगाने. गाडी विक्रीस येऊन तीन महिने झाले नाहीत तोच, १९८९ च्या डिसेंबरात, विद्युत्-तारा आणि मागील दिव्यासंबंधी एकदोन तक्रारी आल्यावरून कंपनीने तोवर विकलेल्या सुमारे ८,००० गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलाविल्या. परिपूर्णतेची घोषणा करून आलेल्या नवख्या कुळाला हा घाव प्राणघातक ठरावा असाच होता. पण पेढ्यांनी माणसे पाठवून गाड्या मालकांच्या घरून नेल्या, दोष दूर केले, गाड्या धुतल्या, टाकीत पेट्रोल भरले आणि परत आणून दिल्या. जेथे जवळपास पेढी नव्हती तेथे कारागीर मालकाच्या दारी गेला. आणि हे सारे काम २० दिवसांत उरकले. माझ्या मते एल एस ४०० त्या पंक्तीला बसली ती या २० दिवसांत. १९९१ साली अमेरिकेत आयात होणाऱ्या ऐश्वर्यशाली गाड्यांमध्ये लेक्सस विक्रीत अव्वल ठरली, तेव्हा स्वभावाचा आणि इतिहासाचा प्रश्न कोणी विशेष विचारीत नव्हते.

आता फेटनकडे वळू. फोक्सवॅगनची स्थापना १९३७ साली सामान्य जर्मन कुटुंबासाठी स्वस्त गाडी करण्याच्या हेतूने झाली, आणि फर्डिनंड पोर्शने आखलेली तिची बीटल ही गाडी २००३ साली मेक्सिकोत बंद होईपर्यंत २ कोटी १० लाखांहून अधिक संख्येने निर्माण झाली. त्याच पोर्शचा नातू फर्डिनंड पीएख हा १९९३ मध्ये कंपनीच्या मुख्य अधिकारपदावर आला. हा मनुष्य प्रथम अभियंता होता, मग अधिकारी. त्याचा शब्द कंपनीत फर्मानासारखा चाले, आणि यंत्रातील फट मिलिमीटरच्या अंशातही त्याला खपत नसे. १९७२ पासून दोन दशके त्याने आउडी या त्याच समूहातील दुय्यम नावाची उभारणी केली होती: १९८० ची क्वाट्रो, १९८८ ची आठ सिलिंडरांची सेडान, आणि १९९४ ची अ‍ॅल्युमिनियमची ए ८. निवृत्त शिक्षकांची आणि नगरपालिकेच्या कारकुनांची गाडी समजली जाणारी आउडी वीस वर्षांच्या अखंड परिश्रमाने मर्सिडीझच्या शेजारी जाऊन बसते, हे त्याने स्वतः घडवून पाहिले होते. पुढे १९९७ मध्ये मर्सिडीझने ए-क्लास ही छोटी गाडी काढून फोक्सवॅगनच्या वतनात पाय टाकला, तेव्हा पीएखच्या मनाने घेतले की सरदार जर रयतेच्या शेतात उतरू शकतो, तर रयतेलाही गढीवर चढण्याचा हक्क असलाच पाहिजे.

त्याने अभियंत्यांपुढे ठेवलेल्या अटींपैकी एक पुढे जगभर सांगितली गेली: बाहेरचे तापमान ५० अंश असताना गाडी दिवसभर ताशी ३०० किलोमीटर वेगाने धावू शकावी आणि त्या वेळी आतील तापमान २२ अंशांवर स्थिर राहावे. वस्तुतः विक्रीला येणाऱ्या गाडीचा वेग ताशी २५० वर रोखलेला असणार होता. तेव्हा ही अट प्रत्यक्षात कोणाच्या उपयोगाची, असा प्रश्न त्या वेळी विचारला गेला आणि आजही विचारला जातो. मला त्या अटीत मोठा अर्थ दिसतो. जे सामर्थ्य कधीही पूर्णपणे वापरले जाणार नाही त्याच्या तयारीमुळे रोजच्या वापरातील प्रत्येक भाग आपल्या क्षमतेच्या अर्ध्यावर, विनाश्रम, शांतपणे काम करतो, आणि ऐश्वर्यशाली गाडीत जे जाणवते ते हेच विनाश्रम काम. फेटनच्या सांगाड्याचा पीळ सहन करण्याचा ताठपणा तिच्या काळी असामान्य होता. वायूवर तोललेले सस्पेन्शन प्रत्येक गाडीत मूळचेच होते. चार बसणाऱ्यांसाठी हवेची चार स्वतंत्र नियंत्रणे होती, आणि ती अशी की हवेचा झोत अंगावर येऊ नये. हवा सोडणारी छिद्रे गरज नसताना लाकडी पट्ट्यांआड दडत. सर्वांत मोठ्या इंजिनात १२ सिलिंडर होते, अरुंद कोनातील सहा-सहांच्या दोन जोड्या सांधून इंग्रजी डब्ल्यू अक्षराच्या आकारात बसविलेले, सहा लिटरचे, आरंभी ४२० अश्वशक्तीचे. डिझेल हवे असणाऱ्यांसाठी १० सिलिंडरांचे पाच लिटरचे इंजिन होते. गाडी पाच मीटरहून लांब आणि मोठ्या इंजिनासह दोन टनांहून पुष्कळच जड होती.

आणि ती जेथे जुळविली जात असे तो कारखाना स्वतंत्र वर्णनास पात्र आहे. ड्रेस्डेन हे सॅक्सनीच्या राजांचे जुने नगर, दुसऱ्या महायुद्धात बाँबवर्षावाने भस्मसात झालेले आणि नंतर चार दशके पूर्व जर्मनीच्या अमलाखाली राहिलेले; त्याच्या मध्यभागी, एका राजोद्यानाच्या कडेला, वास्तुकार गुंटर हेन याने काचेच्या भिंतींचा कारखाना उभारला आणि २००१ च्या डिसेंबरात तो सुरू झाला. आत कॅनडातील मेपल लाकडाची जमीन होती, पांढऱ्या पोशाखातील कारागीर होते, आणि रस्त्याने जाणाऱ्या कोणाही नागरिकास बाहेरून हे काम दिसावे अशी योजना होती. सुटे भाग शहराच्या दुसऱ्या टोकाच्या कोठारातून निळ्या रंगाच्या मालवाहू ट्राममधून, उतारूंच्या ट्राम ज्या रुळांवरून जात त्याच रुळांवरून येत, जेणेकरून मालमोटारींची वर्दळ शहरात होऊ नये. गाडीचे सांगाडे येत ते त्स्विकाउजवळच्या मोझेल येथून, आणि त्स्विकाउ हे गाव मोटारींच्या इतिहासात दोन टोकांसाठी प्रसिद्ध आहे: विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात आउगुस्ट होर्ख याने जर्मनीतील अत्यंत प्रतिष्ठित गाड्यांचा कारखाना तेथे घातला, आणि साम्यवादी राजवटीत तेथेच ट्राबांट ही युरोपातील सर्वांत दीन गाडी बनत राहिली. त्या भूमीतील कारागिराला पुन्हा उत्तम काम मिळाले, ही गोष्ट फेटनच्या हिशेबात जमेच्या बाजूला फारशी कोणी मांडत नाही, म्हणून येथे आवर्जून नोंदवितो. २००२ च्या ऑगस्टात एल्ब नदीच्या महापुराने ड्रेस्डेनचे प्रसिद्ध संगीतनाट्यगृह बुडाले, तेव्हा त्या मंडळीने कार्मेन या संगीतिकेचे प्रयोग याच काचेच्या कारखान्यात केले.

२००२ च्या मार्चमध्ये जिनिव्हा येथे फेटन प्रकट झाली आणि वादाला तोंड लागले. विरोधी पक्षाचे आक्षेप हलके नव्हते. ते म्हणत की दुरून पाहता ही गाडी फोक्सवॅगनच्याच पसाट या मध्यम गाडीची थोरली बहीण दिसते, आणि जो मनुष्य इतकी रक्कम मोजतो त्याला आपण काय घेतले हे शेजाऱ्याला सांगत बसावे लागू नये. त्याच समूहाची आउडी ए ८ तेवढ्याच किमतीला उपलब्ध असताना घरच्या घरी दोन भावांनी एका वतनावर दावा सांगणे हा कारभारातील गोंधळ आहे, असेही ते म्हणत. त्याउलट फेटनच्या कैवाऱ्यांचे म्हणणे होते की आत बसल्यावर, दार मिटल्यावर, शंभर कोस एका दमात गेल्यावर, या गाडीहून अधिक शांत व अधिक काळजीने घडविलेली गाडी त्या किमतीत दाखवावी. त्यांच्या बाजूने एक पुरावा असा होता की तो खोडून काढणे कठीण होते: फोक्सवॅगनने १९९८ मध्ये घेतलेल्या बेंटले या इंग्लिश कुलीन नावाने २००३ पासून जी काँटिनेंटल जीटी आणि नंतर फ्लाइंग स्पर विकली, तिचा पाया फेटनशी समाईक होता आणि १२ सिलिंडरांच्या इंजिनाचे मूळही एकच होते. फ्लाइंग स्परच्या काही गाड्या तर ड्रेस्डेनच्याच कारखान्यात जुळविल्या गेल्या. बेंटलेचे चिन्ह असलेल्या गाडीच्या पात्रतेबद्दल कोणी शंका घेतली नाही. फोक्सवॅगनचे चिन्ह असलेल्या गाडीबद्दल घेतली.

विक्रीचा निकाल कठोर लागला. वर्षाला २० हजार गाड्यांची तजवीज असलेल्या कारखान्यातून त्याच्या जवळपासही गाड्या कधी बाहेर पडल्या नाहीत. अमेरिकेत २००३ च्या अखेरीस पाठविलेली फेटन २००६ मध्ये तेथून माघारी घेण्यात आली. एका वित्तीय संस्थेने पुढे केलेल्या अंदाजाप्रमाणे प्रत्येक गाडीमागे कंपनीला २८ हजार युरोंहून अधिक तोटा सोसावा लागला. २०१६ च्या मार्चमध्ये उत्पादन थांबले तोवर सुमारे ८४ हजार गाड्या झाल्या होत्या. आदल्या वर्षीच्या एप्रिलमध्ये पीएखने पर्यवेक्षक मंडळाचे अध्यक्षपद सोडले होते, आणि सप्टेंबरात डिझेल इंजिनांच्या धुराच्या तपासणीतील लबाडी उघडकीस आल्याने कंपनीच्या तिजोरीवर आणि अब्रूवर एकदमच घाला पडला होता. आपल्याकडेही, चाकणच्या कारखान्यातून पोलो आणि व्हेंटो बाहेर पडू लागल्या त्याच सुमारास, २०१० मध्ये फेटन आयात होऊन आली, पण तिचे नावही अनेकांच्या कानी गेले नाही.

तेव्हा फेटन उतरली की नाही? या प्रश्नाला मी अडखळल्यावाचून उत्तर देतो की गाडी म्हणून ती उतरली, आणि काही गुणांत आपल्या समकालीन प्रतिस्पर्ध्यांच्या पुढेही गेली. तिचा पराभव नावामुळे झाला असे म्हणण्याची रूढी आहे, आणि त्यात तथ्यही आहे. पण केवळ नावावर सारे खापर फोडणे मला न्याय्य वाटत नाही, कारण आउडीचे नाव आणि लेक्ससचे नाव हीदेखील कोणे एके काळी निःसत्त्वच होती. टोयोटाने नावाबरोबर पेढी वेगळी केली, पेढीवरचा माणूस वेगळा केला, आणि बिघाडाच्या दिवशी त्या माणसाने काय करावे याचा बंदोबस्त आधी करून ठेवला. पीएखने आपली सारी बुद्धी आणि सारे द्रव्य घडणीवर वेचले आणि ती घडण काचेआडून जगाला दाखविली. मात्र फेटन घेणारा अमेरिकन वकील किंवा डॉक्टर जेव्हा तेल बदलण्यासाठी जाई, तेव्हा तो त्याच कार्यशाळेत, त्याच बाकावर, फोक्सवॅगनच्याच जेट्टा आणि गोल्फ या लहान गाड्या घेतलेल्या तरुणांच्या रांगेत बसत असे. त्या रांगेत बसण्यात मानहानी आहे असे मी मुळीच म्हणत नाही. परंतु त्याच्या गाडीत १२ सिलिंडरांचे इंजिन होते, वायूचे सस्पेन्शन होते, विद्युत्-नियंत्रणांचे जाळे होते, आणि त्या कार्यशाळेतील कारागिराच्या हाताखालून तशी गाडी महिन्यातून एखादीच जात असेल तर त्याचा हात तीवर बसणार कसा? ऐश्वर्यशाली गाडीची कसोटी पहिल्या दिवशी प्रदर्शनात लागत नाही. ती पाचव्या आणि दहाव्या वर्षी, दुसऱ्या आणि तिसऱ्या मालकाच्या दारी लागते, आणि तेथे फेटनचे मोल इतक्या वेगाने घसरले की नव्या गिऱ्हाइकाला आपण टाकलेले द्रव्य कोठे जाणार ते आधीच दिसू लागले. ज्या कंपनीने यंत्रावर इतकी निष्ठा ठेवली तिने त्या यंत्राच्या उत्तरायुष्याची काळजी वाहणारी यंत्रणा उभारली नाही, याचे मला आजही मनापासून वाईट वाटते.

माझ्या या मताला पुष्टी मिळते ती दक्षिण कोरियाच्या ह्युंदाईकडून. १९८६ साली ही कंपनी पाच हजार डॉलरांच्या आतील एक्सेल घेऊन अमेरिकेत उतरली आणि तकलादूपणामुळे बदनाम झाली. १९९८ मध्ये इंजिन व गिअरबॉक्ससाठी दहा वर्षांची हमी देऊन तिने ती बदनामी धुण्यास आरंभ केला. २००८ मध्ये तिची जेनेसिस सेडान आली आणि पुढच्या जानेवारीत उत्तर अमेरिकेतील वर्षातील सर्वोत्तम मोटारीचा बहुमान घेऊन गेली, तरी हाच वाद पुन्हा उभा राहिला. २०१० मध्ये त्याहून मोठी एक्वस अमेरिकेत विकण्यास काढताना ह्युंदाईने फेटनच्या अनुभवातून काही तरी शिकल्यासारखे केले: गाडी ह्युंदाईच्याच पेढ्यांवर राहिली, पण दुरुस्तीच्या दिवशी पेढीचा माणूस मालकाच्या घरी येई, बदली गाडी ठेवी आणि एक्वस घेऊन जाई. मालकाला कार्यशाळेचे तोंड पाहण्याचा प्रसंगच येऊ नये, अशी ती योजना होती. तरीही शेवटी २०१५ च्या नोव्हेंबरात जेनेसिस हे नाव ह्युंदाईपासून तोडून स्वतंत्र करण्यात आलेच. स्लोनचा दंडक इतका जुना आणि इतका चिवट आहे.

आपल्याकडे हा प्रश्न निराळ्या वाटांनी आला. टाटांनी २००८ च्या जानेवारीत एक लाखाची नॅनो दिल्लीत दाखविली, आणि त्याच वर्षी २ जूनला फोर्डकडून जॅग्वार व लँडरोव्हर ही दोन्ही नावे २३० कोटी डॉलरांना घेतली; पुढे त्यांपैकी काही गाड्यांची जुळणी पुण्यातही होऊ लागली, मात्र कोणत्याही जॅग्वारवर टाटांचे चिन्ह लागले नाही. लिंकन घेणाऱ्या हेन्री फोर्डची वाट ती हीच. याहून विचार करावयास लावणारा प्रकार औरंगाबादजवळच्या शेंद्रा येथे घडला. तेथे या शतकाच्या आरंभी स्कोडाने कारखाना घातला आणि ऑक्टाव्हिया व मागाहून सुपर्ब विकावयास काढली. इंग्लंडात त्या आधीची वीस वर्षे स्कोडा हा चेष्टेचा विषय होता. महाराष्ट्रातील साखर कारखान्याच्या अध्यक्षाला, बांधकाम व्यावसायिकाला, नामांकित शल्यवैद्याला त्या चेष्टेची गंधवार्ता नव्हती, आणि त्याने ती जड दाराची, भरदार बांध्याची युरोपीय गाडी मोठ्या मानाने दारात उभी केली. २००७ पासून त्याच शेंद्र्याच्या छपराखाली आउडीच्या गाड्या जुळविल्या जाऊ लागल्या. स्कोडा तीच, कारखानदार तोच, पण समुद्र ओलांडताच तिची पंक्ती बदलली.

फोक्सवॅगनलाही हे उमगले असावे. २०१६ मध्ये, फेटन बंद झाली त्याच महिन्यात, जिनिव्हाच्या त्याच प्रदर्शनात कंपनीने फिडियॉन ही नवी मोठी सेडान फोक्सवॅगनच्याच चिन्हासह मांडली. तिची जुळणी शांघायमध्ये व्हावयाची होती आणि विक्री फक्त चीनमध्ये, जेथे १९८० च्या दशकात सँटाना या गाडीपासून फोक्सवॅगन हे नाव सरकारी अधिकाऱ्यांच्या आणि प्रतिष्ठितांच्या वापरातले नाव म्हणून रुजले होते. ड्रेस्डेनच्या त्या काचेच्या कारखान्यात, मेपलच्या जमिनीवर, दुसऱ्या वर्षापासून विजेवर चालणाऱ्या गोल्फ जुळू लागल्या.